सावकाश म्हणजे नक्की किती सावकाश? हलका आणि जोराचा कार्डिओ आठवड्यात बसवण्याची रीत

सकाळी सहाच्या सुमाराला कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर दहा मिनिटं उभं राहून पळणाऱ्यांकडे नीट पाहा. बहुतेकांचा दम एकाच पातळीला लागलेला दिसेल. तोंड उघडं, बोलायला गेलं तर तीन-चार शब्दांत वाक्य तुटतंय, पण जीव तोडून पळतायत असंही नाही. सोमवारी हाच वेग, बुधवारी हाच, शनिवारी सोबतीला मित्र असला तर थोडा जास्त. दोन-तीन महिने फरक जाणवतो. मग वेळ जागच्या जागी थांबते, नडगी दुखायला लागते आणि ‘आता वय झालं’ म्हणत माणूस बूट कपाटात टाकतो.

यात वयाचा दोष बहुतेक वेळा नसतो. चूक वेगाच्या वाटणीत असते. हा मधला वेग थकवा भरपूर देतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जोर लावायला अंगात काही उरत नाही. शिवाय तो इतका हलकाही नसतो की रोज तासभर करावा. हलक्या व्यायामाने स्नायूंमधल्या केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऊर्जा तयार करणारे भाग) वाढतात, चरबी जाळून चालत राहायची सवय लागते, दमसास वाढतो. जोराच्या व्यायामाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि प्राणवायू वापरण्याची कमाल मर्यादा वर सरकते. दोन्ही हवेत. पण हलक्याचा वाटा मोठा, जोराचा छोटा, आणि दोघांत स्पष्ट अंतर.

खालचे टप्पे क्रमानेच करा. चौथा टप्पा सगळ्यांना आधी करावासा वाटतो, आणि तिथेच दुखापती होतात.

आधी एवढं तपासा

वय चाळिशीपुढे असेल, बीपी किंवा शुगर असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तंबाखू-सिगारेट असेल किंवा बरीच वर्षं बैठं काम झालं असेल, तर जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. ईसीजी आणि गरज पडली तर स्ट्रेस टेस्ट ते ठरवतील. तब्येतीची दुसरी तक्रार नसेल तर साधं चालणं तोवर थांबवायची गरज नाही.

मेटोप्रोलोल किंवा एटेनोलोलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दाबलेले असतात. अशांनी पुढचे आकड्यांचे हिशेब सोडून द्यावेत आणि फक्त बोलण्याची कसोटी वापरावी. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी आणि उपाशीपोटी लांब जायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

इशारा: छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घेरी, ठोके अनियमित पडल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर तिथंच थांबा. ‘मिसळ खाल्लीय, गॅस असेल’ असं म्हणून पुढची फेरी मारू नका. बसा, सोबतच्याला सांगा, १०८ ला फोन लावा.

सामानात वेळ घालवू नका. पायाला नीट बसणारे बूट, एक साधं घड्याळ आणि एक वही पुरते.

टप्पा १: स्वतःचे ठोके ओळखा

पहिला आकडा विश्रांतीच्या नाडीचा. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच, मोबाईल हातात घेण्याआधी मोजा. डाव्या हाताचा तळवा वर करा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या हाडाच्या आतल्या बाजूला जी खोलगट जागा लागते, तिथे उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हलकेच ठेवा. अंगठ्याने मोजू नका. अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो आणि हिशेब चुकतो. जोरात दाबलं तर ठोका गायब होतो, म्हणून ठोका लागेपर्यंतच दाब द्या. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. असे पाच दिवस वहीत लिहा आणि सरासरी काढा. एका दिवसाचा आकडा धरू नका. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालेलं असलं तरी तो बदलतो.

दुसरा आकडा कमाल ठोक्यांचा. २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. चाळिशीनंतर ते बऱ्याच जणांना कमी आकडा देतं, म्हणून २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे वापरा. हाही अंदाजच आहे, दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात.

आता ४२ वर्षांचा माणूस घेऊ, विश्रांतीची नाडी ७०.

कमाल: २०८ – २९ = १७९.
राखीव ठोके: १७९ – ७० = १०९.
हलक्या व्यायामाची पट्टी राखीवच्या ४५ ते ६० टक्के, अधिक विश्रांतीची नाडी: साधारण ११९ ते १३५.
जोराची पट्टी राखीवच्या ८० ते ९० टक्के, अधिक विश्रांतीची नाडी: साधारण १५७ ते १६८.

मधे उरले १३६ ते १५६. रंकाळ्यावरची बहुतेक सकाळ याच मधल्या पट्टीत जाते. ही पट्टी वाईट नाही; दहा किलोमीटरची शर्यत पळणाऱ्याला तिचा उपयोग आहे. पण आठवड्यात तीन-चार दिवस देणाऱ्या माणसाने आपला सगळा वेळ तिथे घालवू नये.

मनगटावरच्या घड्याळाबद्दल एक गोष्ट. पळताना ते कधीकधी नाडी सोडून पावलांची लय मोजायला लागतं आणि सावकाश पळतानाही १६५-१७० दाखवतं. शंका आली की थांबा आणि लगेच १० सेकंद हाताने मोजून सहाने गुणा. जास्त वेळ मोजत बसलात तर तोवर ठोके उतरतात. घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक बोट वर आणि थोडं घट्ट बांधलं तर गडबड कमी होते. छातीचा पट्टा यापेक्षा विश्वासाचा.

टप्पा २: हलका वेग शोधा

संपूर्ण लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, आणि लोक यालाच सगळ्यात कमी वेळ देतात.

सपाट रस्ता निवडा. रंकाळ्याची फेरी, कळंबा तलावाचा परिसर किंवा एखादं मैदान चालेल. विद्यापीठाच्या आवारात झाडी छान आहे, पण चढ-उतार लागतात. पहिल्या कसोटीला ते नको. दहा मिनिटं चाला, मग अगदी हळू पळायला लागा. पाचव्या मिनिटाला मोठ्याने एक लांब वाक्य बोला, उदाहरणार्थ: ‘आज संध्याकाळी येताना लक्ष्मीपुरीतून भाजी आणायची आहे आणि जमलं तर दळणही टाकून यायचं आहे.’ हे एका दमात, मधे श्वास न घेता, नेहमीच्या आवाजात बोलता आलं तर वेग बरोबर. ‘आणायची आहे’पाशी श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे, कमी करा. गाणं म्हणता येत असेल तर किंचित वाढवा.

नाकाने श्वास घेऊन तोंड बंद ठेवून पळता येतंय का, ही दुसरी सोपी खूण. सर्दी असेल तर मात्र तिच्यावर जाऊ नका.

बऱ्याच जणांना या कसोटीत कळतं की आपला हलका वेग म्हणजे भराभर चालणं. पळायला लागलं की लगेच ठोके १५० पार. यात कमीपणा काही नाही. दोन मिनिटं चाला, एक मिनिट सावकाश पळा, ठोके पट्टीच्या वर गेले की पुन्हा चाला. पाच-सहा आठवड्यांत चालण्याचा भाग आपोआप कमी होतो. वजन जास्त असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर सायकल घ्या. हृदयाला पाय कशावर आहेत याच्याशी देणंघेणं नसतं. फक्त सायकलवर त्याच कष्टाला ठोके थोडे कमी पडतात हे लक्षात ठेवा.

इथे काय चुकतं

मागून कुणीतरी पुढे गेलं की पाय आपोआप उचलतात. गटात पळत असाल तर गटाचा वेग सगळ्यात ताज्या माणसाचा असतो, आणि मागच्या चौघांचा हलका दिवस जोराचा होऊन बसतो. हलक्या दिवशी आपल्यापेक्षा हळू असलेल्याबरोबर जा, नाहीतर एकटे जा.

दुसरी चूक शेवटच्या पाचशे मीटरची. ‘संपवताना जरा खेचू’ म्हणून शेवट जोरात करायचा. आठवड्यात चारदा असं झालं की चार दिवसांचा हलका व्यायाम राहिला बाजूला.

तिसरी आकड्याची आहे. ४० मिनिटांनंतर वेग तोच असूनही ठोके हळूहळू वर चढतात. घाम जाऊन रक्तातलं पाणी कमी होतं, अंग तापतं, आणि हृदयाला तेवढंच रक्त पोचवायला जास्त वेळा आकुंचन पावावं लागतं. अशा वेळी ठोक्यांचं ऐका, वेगाचा हट्ट सोडा.

टप्पा ३: सहा आठवडे फक्त पाया

नवीन सुरुवात करणाऱ्याने, किंवा तीन महिन्यांच्या वर खंड पडलेल्याने, पहिले सहा आठवडे जोराचा एकही दिवस ठेवू नये. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात. पोटरीचे स्नायूबंध, टाचेची नस आणि नडगीचं हाड यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दम साथ देतो म्हणून माणूस वेग वाढवतो आणि हाड मागे राहतं. नडगी दुखण्याचं कारण बहुतेकदा हेच.

पहिल्या आठवड्यात २५ ते ३० मिनिटांचे तीन दिवस. मग दर आठवड्याला एकूण वेळेत १५-२० मिनिटांची भर, तीही एकाच दिवसात न घालता वाटून. सहाव्या आठवड्यापर्यंत चार दिवस आणि एकूण १५० ते १८० मिनिटं जमली पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, म्हणजे इथवर आलात की तब्येतीच्या दृष्टीने पाया नीट पडला.

पुढे जाण्याआधी तपासा: सलग ४० मिनिटं हलक्या पट्टीत राहता येतंय का? दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना पाय नेहमीसारखे आहेत का? दोन आठवड्यांत कुठंही बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं नाही ना? तिन्हीला हो, तरच पुढचा टप्पा.

टप्पा ४: जोराचा एक दिवस

आठवड्यात एकच. त्या दिवशी मात्र खरोखर जोर लागला पाहिजे.

पहिले तीन आठवडे लहान फेऱ्यांनी सुरुवात करा. १० मिनिटं हलकं पळणं किंवा भराभर चालणं, त्यात शेवटी २० सेकंदांच्या तीन-चार चपळ धावा. मग १ मिनिट जोरात, २ मिनिटं चालणं, असं सहा वेळा. शेवटी ८ ते १० मिनिटं हळूहळू शांत व्हा. थेट बाकावर बसलात तर पायांत साचलेलं रक्त वर यायला वेळ लागतो आणि घेरी येते. पुढच्या आठवड्यात सात, मग आठ फेऱ्या.

चढ मिळाला तर आणखी बरं. टेंबलाईच्या टेकडीसारख्या चढावर ४५ ते ६० सेकंद वर पळायचं आणि चालत खाली यायचं. चढावर वेग कमी राहतो, सांध्यांवरचा आदळ कमी होतो आणि दम मात्र पूर्ण लागतो. उतरताना पळू नका, मांड्या दुखवण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे.

चौथ्या आठवड्यापासून ४-४ ची फेरी घ्या. ४ मिनिटं जोरात, ३ मिनिटं अगदी हळू पळणं किंवा चालणं, असं चारदा. वॉर्म-अप आणि शेवटचं शांत होणं धरून ४० ते ४५ मिनिटं होतात.

या चार मिनिटांत आत काय घडतं ते माहीत असेल तर वेग चुकत नाही. पहिल्या मिनिटात सोपं वाटतं आणि ठोके अजून १४० च्या आसपासच असतात. हृदय मागून येतं, त्याला वेळ लागतो. इथे आकडा गाठायच्या नादात पाय दाबलात तर तिसऱ्या मिनिटाला कोसळाल. दुसऱ्या मिनिटात श्वास मोठा होतो. तिसऱ्यात एक-दोन शब्दांपलीकडे बोलता येत नाही, आणि ठोके पट्टीत शिरतात. चौथं मिनिट लांब वाटतं, पण वेग तुटता कामा नये. पहिल्या फेरीत जेवढं अंतर कापलं, तेवढंच चौथ्या फेरीत कापता आलं तर वेग अचूक होता. चौथी फेरी बरीच तोकडी पडली तर पहिली जास्त जोरात गेली. संपल्यावर ‘आणखी एक फेरी जमली असती, दोन नसत्या’ असं वाटलं पाहिजे.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना एक कळकळीचं सांगणं. मुलांचे १६०० मीटर आणि मुलींचे ८०० मीटर रोज पहाटे घड्याळ लावून पूर्ण ताकदीने पळू नका. मैदानात हेच रोज दिसतं, आणि भरतीच्या महिनाभर आधी नडगीला पट्टी बांधलेलं पोरही मग तिथंच दिसतं. १६०० मीटर ६ मिनिटांत आणायचे असतील तर ४०० मीटरची एक फेरी ९० सेकंदांत पडली पाहिजे. आठवड्यात एक दिवस ४०० च्या सहा फेऱ्या ८८ ते ९० सेकंदांत, दोन फेऱ्यांत २ मिनिटं चालणं. दुसऱ्या जोराच्या दिवशी २०० मीटरच्या आठ फेऱ्या थोड्या आणखी वेगाने, किंवा चढ. बाकीचे तीन दिवस ३० ते ४५ मिनिटं हलकं. पूर्ण १६०० ची वेळ पंधरवड्यातून एकदाच लावा आणि वहीत लिहा.

इशारा: तापात, जुलाबात, छातीत कफ असताना किंवा तीन-चार तासच झोप झाली असेल तेव्हा जोराचा दिवस पुढे ढकला. ढकललेला दिवस दुसऱ्या जोराच्या दिवसाला चिकटवून भरून काढू नका. गेला तो गेला.

टप्पा ५: आठवडा मांडा

दोन जोराच्या दिवसांत निदान ४८ तास ठेवा. पन्नाशी पार केली असेल तर ७२ तास बरे.

तीन दिवस मिळत असतील तर दोन हलके, एक जोराचा. चार मिळत असतील तर तीन आणि एक. पाच दिवसांत चार आणि एक, आणि वर्षभर नियमित केल्यावर तीन आणि दोन. सहा दिवस करणाऱ्यालाही दोनच्या वर जोराचे दिवस नकोत. लांब पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करणाऱ्या स्टीफन सायलर यांना साधारण दहापैकी आठ सत्रं हलकी आणि दोन जोराची अशी वाटणी आढळली होती. हा हिशेब सत्रांचा आहे, मिनिटांचा नव्हे. कमी दिवस देणाऱ्याला तो तंतोतंत जमत नाही आणि जमवायची गरजही नाही. दिशा तीच ठेवा.

नोकरदार माणसाचा चार दिवसांचा आठवडा असा बसतो: मंगळवारी ४० मिनिटं हलकं, गुरुवारी जोराच्या फेऱ्या, शुक्रवारी पूर्ण सुट्टी किंवा चालणं, शनिवारी ३० मिनिटं हलकं, रविवारी ६० ते ७५ मिनिटं हलकं आणि लांब.

आता कोल्हापुरातले खरे अडथळे.

रविवारी सायकल घेऊन पन्हाळा किंवा जोतिबा. वाटेतला वाघबीळचा चढ हलका होऊच शकत नाही. सगळ्यात सोपा गिअर लावला तरी ठोके वर जाणार. म्हणून पन्हाळा हा जोराचा दिवस म्हणून मोजा आणि त्या आठवड्यातल्या गुरुवारच्या फेऱ्या काढून टाका. दर रविवारी पन्हाळा करत असाल तर तुमचा जोराचा दिवस ठरलेलाच आहे, वेगळा शोधायची गरज नाही.

फुटबॉल. पेठेतला सामना असो की रात्रीचा टर्फवरचा तास, तो जोराचाच दिवस. सामन्यात धाव, थांब, वळ, पुन्हा धाव असं चालतं, आणि ईर्ष्येत अंगाचा अंदाज राहत नाही. आठवड्यात दोनदा खेळणाऱ्याला वेगळ्या जोराच्या फेऱ्यांची गरज नाही. त्याला गरज आहे ती सावकाश पळण्याची, आणि नेमकं तेच त्याला कंटाळवाणं वाटतं.

तालीम. जोर-बैठका आणि लढत यांनी दम लागतो, ठोके चढतात, पण त्यांना हलका कार्डिओ धरता येत नाही. शंभर बैठका मारल्या की मांड्या थकतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या पळण्यात ते कळतं. लढतीचा दिवस जोराच्या खात्यात टाका. नुसत्या जोर-बैठकांचा दिवस ताकदीच्या व्यायामाच्या खात्यात.

जिममध्ये पायांचा व्यायाम करता त्याच दिवशी जोराचा कार्डिओ ठेवा, शक्य असेल तर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं. ऐकायला उलटं वाटतं, कारण लोक थकवा वाटून टाकायला बघतात. पण वाटून टाकला की आठवड्यातला एकही दिवस खऱ्या विश्रांतीचा उरत नाही. जड दिवस जड, हलका दिवस हलका. ज्याला ताकद वाढवायची आहे त्याने वजनं आधी उचलावीत, ज्याला पळण्यात सुधारायचं आहे त्याने आधी पळावं.

टप्पा ६: वाढवायचं कसं

एका वेळी एकच गोष्ट वाढवा. आधी हलक्या दिवसांची मिनिटं, मग दिवसांची संख्या, सगळ्यात शेवटी जोराच्या फेऱ्या. ज्या आठवड्यात फेरी वाढवली त्या आठवड्यात रविवारचं अंतर वाढवू नका.

तीन आठवडे वाढ, चौथ्या आठवड्यात एकूण वेळ तिसऱ्याच्या साधारण दोन-तृतीयांश. त्या आठवड्यात जोराचा दिवस ठेवा, पण फेऱ्या निम्म्या करा. हा हलका आठवडा लोक हमखास गाळतात, कारण तेव्हा अंग छान चालत असतं. ते छान चालतं म्हणूनच गाळू नये. व्यायामाने अंग मोडतं आणि विश्रांतीत बांधलं जातं.

रोजची तपासणी: सकाळची नाडी नेहमीपेक्षा ७-८ ठोक्यांनी वर असेल तर त्या दिवशी फक्त हलकं. सलग तीन दिवस वर असेल, झोप लागत नसेल आणि चिडचिड होत असेल तर तीन दिवस पूर्ण सुट्टी. तरी उतरली नाही तर रक्त तपासून घ्या, विशेषतः हिमोग्लोबिन. बायकांनी तर थकवा ‘कामामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये. लोह कमी असताना कितीही फेऱ्या मारल्या तरी दमसास वाढत नाही.

टप्पा ७: ऋतू आणि पोट

एप्रिल-मेमध्ये त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. हलका दिवस ठोक्यांवर चालवा, वेग कमी झाला तर होऊ द्या. जोराचा दिवस पहाटेच उरका. तासाच्या वर जाणार असाल तर पाण्यात चिमूटभर मीठ, थोडी साखर आणि लिंबू.

पावसाळ्यात तलावाकाठच्या फरशीवर शेवाळ धरतं. तिथे जोराच्या फेऱ्या अजिबात नकोत, एक घसरण वर्षभराची मेहनत वाया घालवते. पंचगंगेला पाणी चढलं की नदीकाठचे नेहमीचे रस्तेही सोडा. झड लागली की घरात सायकल, किंवा इमारतीचे जिने: चढताना जोर, उतरताना चालत आणि कठड्याला हात. दोरीच्या उड्या ३० सेकंद मारा, ३० सेकंद थांबा, असं दहा-बारा वेळा. पण हे जोराच्याच खात्यात, आणि पोटऱ्यांना सवय नसेल तर पहिल्या दिवशी पाच वेळांवर थांबा. घरात हलका दिवस काढायला स्थिर सायकलसारखं दुसरं साधन नाही.

खाण्याचं थोडक्यात. सकाळच्या हलक्या ४० मिनिटांना उपाशीपोटी गेलात तरी चालतं. जोराच्या दिवशी तासभर आधी एक केळं किंवा दोन खजूर घ्या. जेवणानंतर निदान तीन तास जोराचं काही नको. संध्याकाळी फेऱ्या मारायच्या असतील तर कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध आधी पिऊ नका. त्यातली चरबी पोटातून लवकर उतरत नाही आणि तिसऱ्या फेरीला मळमळ सुरू होते. दूध घ्यायचंच तर घरी तापवून, व्यायामानंतर. तांबडा-पांढरा रस्साही रविवारच्या लांब पळण्यानंतरच, आदल्या रात्री उशिरा नको.

टप्पा ८: जमतंय का ते मोजा

दर सहा आठवड्यांनी एकच चाचणी. तोच सपाट रस्ता, तीच वेळ, आदला दिवस सुट्टीचा. १५ मिनिटं वॉर्म-अप, मग ३ किलोमीटर हलक्या पट्टीच्या वरच्या टोकाला, आपल्या उदाहरणात १३५ च्या आसपास, ठोके तिथेच धरून. किती वेळ लागला तो वहीत. समजा पहिल्यांदा २७ मिनिटं लागली आणि सहा आठवड्यांनी त्याच ठोक्यांना २५ लागली, तर पाया वाढतोय. उन्हाळ्यातली वेळ थंडीतल्या वेळेशी ताडू नका.

जोराच्या बाजूची खूण वेगळी. ४-४ च्या शेवटच्या फेरीनंतर थांबताक्षणी ठोके पाहा, आणि बरोबर एक मिनिटाने पुन्हा. हा फरक महिन्यागणिक वाढत गेला पाहिजे.

हलक्याची वेळ सुधारतेय पण फेऱ्यांतलं अंतर अडकलंय, तर जोराच्या दिवशी ताजेपणा कमी पडतोय. आदल्या दिवशी सुट्टी द्या. फेऱ्या सुधारतायत पण हलका वेग जागचा हलत नाही, तर हलक्या दिवसांची मिनिटं कमी आहेत, किंवा ते दिवस खरे हलके नाहीत. दोन्ही अडकलं असेल तर आधी झोप बघा, मग वही उघडून मागच्या तीन आठवड्यांत आपल्या मधल्या पट्टीत (उदाहरणातली १३६ ते १५६) किती मिनिटं गेली ते मोजा. तो आकडा मोठा निघाला तर पुढचे दोन आठवडे जोराचे दिवस बंद ठेवा, टप्पा २ ची भाजी-दळणाची कसोटी पुन्हा लावा आणि तिथून पुढे या.